मासोळ्यांच्या पेटीपुढचा कूड

माहं नाव बेबी. हसा नका ताई, साठी उलटली तरी बेबीच. आमच्याकडं पहिल्या पोरीले लाडानं बेबी म्हणत आणि मंग तेच राहून जाये, रेशन कार्डावर बेबी, मतदानाच्या यादीत बेबी, नातीच्या शाळेत गेली तं मॅडम म्हणते या बेबीआजी. माहेर माहं बोरी अरब, दारव्हा तालुक्यातलं, आणि सासर हे नेर. माहेरी आमचं घर कुडाचं होतं. तुम्ही पाह्यला असंन का नाही कूड, तूर काढल्यावर जे वाळकं झाड राह्यते ते म्हणजे तुराटी, ते जवळजवळ उभी लावाची, दोन्ही अंगानं बांबूच्या कमच्या आडव्या बांधाच्या आणि वरून मातीचं, शेणाचं, कुटाराचं म्हणजे भुश्याचं लिपण द्याचं, झाली भिंत. आमच्यात ते काम बायाइचं होतं. भिंत बायाइनं कराची आणि दाराची ताटी माणसानं कराची, हे ठरलेलंच. माही माय कूड बांधे, बाप ताटी बांधे, आणि मी मायच्या हाताखाली. चौथीच्या पुढं शाळा नाही झाली माही, पण माय म्हणे, बेबीचं लिपण पाहा, तडा जात नाही. तं मले भिंत येते. दार नाही येत. हे ध्यानात ठेवा ताई, कारण पुढं सगळं त्याच्यावरच गेलं.

आणि दुसरं सांगून ठेवते, मी भेकड बाई हाय. लोकं म्हणतात बेबीबाई मोठी हिमतीची, एकटीनं पोरगा वाढवला, शाळेत खिचडी शिजवली, निवृत्तीपर्यंत कोणाचं बोलणं ऐकून नाही घेतलं. ते सगळं खरं. खिचडीनं भरलेले मोठमोठे गंज मी चुलीवरून एकटी उतरवले, इस्तवाचं मले काही भेव नाही, इस्तव दिसते, तो इकडं आला तं आपण तिकडं सरकतो. साप निंघाला तरी मी उभी राह्यते. पण करंट. करंट दिसत नाही ना वो. तो लोखंडात बसून असते, गपचूप, आणि लोखंड तं लोखंडासारखंच दिसते, कालच्यासारखंच. तुम्ही त्याले रोज हात लावता आणि एक दिवस तो तुमचा हात सोडत नाही.

आमचे हे जिनिंगमंधी कामाले होते. उन्हाळा होता, आमच्या इकडचा उन्हाळा तुम्हाले सांगाले नको, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घरी पत्र्याचा कूलर होता, इकडं घरोघरी असते तसाच, इथल्याच एका कारागिरानं केलेला. हे दुपारच्या सुट्टीत जेवाले आले, म्हणे पाणी सरलं वाटते, हवा गरम येऊन राह्यली, आणि बादली घेऊन गेले. चालू कूलरमंधी पाणी टाकू नाही हे त्याइले माहीत नव्हतं काय, सगळ्याइले माहीत असते, आणि सगळेच टाकतात, बंद करा, चालू करा, त्याचा कंटाळा येते माणसाले. मी दारात बसून तांदूळ निवडून राह्यलती. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून मी वर पाह्यलं. ते उभेच होते ताई. पडले नव्हते, उभे होते, कूलरले हात लावून, आणि माह्याकडं पाहून राह्यलते, आणि तोंडातून काही निंघत नव्हतं. मी उठली तं मागून बायाइनं माहे दोन्ही हात धरले, म्हणे बेबी, जाऊ नको, तू बी चिकटशीन, पोरगं हाय पदरात. कोणीतरी लाकूड आणलं, कोणीतरी मेन पाडली. मंग ते पडले. प्रफुल्ल तवा अंगणवाडीत जाये, तो झोपला होता आतमंधी, त्याले काही कळलं नाही.

तवापासून मी बटणाले हात लावला नाही. खरं सांगते. घरात पंखा चालू असंन तं मी पंख्याखाली बसते, बंद असंन तं बंद. प्रफुल्ल शाळेत जाच्या आधी लाइट लावून जाये, मंग दिवसभर लाइट जळे, शेजारीण म्हणे काहून वो दिवसा लाइट, मी म्हणो राहू दे. कूलर तं घरात पुन्हा आलाच नाही, उन्हाळ्यात ओली चादर दारावर टाकतो आम्ही. पोरगा मोठा झाला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला, त्यानं मले एक टेस्टर आणून देला, म्हणे आई, याच्यानं पाहत जा, करंट असंन तं याच्यात दिवा लागते, नसंन तं नाही, मंग भेव कायचं. मी म्हणलं, दाखव कसं पाहाचं. तं म्हणे पुढचं टोक तठी लावाचं आणि मागून आपलं बोट लावाचं. म्हणजे मीच बोट लावाचं. मंग तो टेस्टर कायचा, ताई? तो टेस्टर अजून पेटीत पडून हाय, नवाच्या नवा.

मंग प्रफुल्लचं लग्न झालं, वैशाली आली, कापडाच्या दुकानात कामाले जाते, स्वभावानं बम चांगली, मले कधी हसली नाही, सकाळी जाताना सगळी बटणं माह्या हिशेबानं लावून जाते. आणि मंग नात झाली, सम्यका. आम्ही सम्या म्हणतो. सम्या मीच सांभाळली, माही पोट्टी माह्या मांडीवरच मोठी झाली. आणि तिले चालता आलं तवापासून माह्या तोंडात एकच, हात नको लावू. फ्रिजले हात नको लावू, टीव्हीले हात नको लावू, नळाले लावताना पाय कोरडे ठेव, चप्पल घाल. पहिले हाताची मागची बाजू लावून पाहाची, तळहात नाही, कारण तळहात लागला तं मूठ मिटते आणि मूठ मिटली का सुटत नाही. एवढ्याशा पोरीले मी हे शिकवलं. मले वाटे मी तिले वाचवून राह्यली.

मागच्या दिवाळीनंतर प्रफुल्लचा एक दोस्त पुण्याले गेला, आणि जाताना आपली मासोळ्यांची काचेची पेटी याले देऊन गेला. मोठी पेटी, लोखंडी अँगलच्या स्टँडवर बसलेली. त्याच्यात नारंगी मासोळ्या, हवा सोडाचा पंप, पाणी गाळाची मशीन, वरून लाइट. आणि खाली स्टँड निरा उघडा, तठी एक बोर्ड जमिनीवर पडलेला, लांब वायरचा, सगळे पिन त्याच्यातच. बोर्डावर लाल दिवा. वर पाणी, मधात लोखंड, खाली करंट. मी म्हणलं प्रफुल्ल, बाबू, हे घरात नको. तो म्हणे आई, दोस्तानं एवढे वर्ष वापरलं, काही झालं काय. मी म्हणलं त्याइच्या घरी नसंन झालं. प्रफुल्लले माहीत हाय मी कशावरून बोलते, म्हणून तो माह्यासंग वाद घालत नाही, पण सम्या त्या पेटीपुढून उठत नव्हती, नाक काचेले लावून बसे, तं त्याच्यानं ते परत बी करवत नव्हतं.

एक दिवस काय झालं, सम्याचा चेंडू त्या स्टँडखाली गेला. मी पोळ्या करून राह्यलती, सहज मागं पाह्यलं तं पोट्टी पालथी पडलेली आणि खांद्यापर्यंत हात स्टँडखाली. मी अशी किंचाळली का गल्लीतले लोकं आले. तिनं हात काढला, आणि तिले काही झालं नव्हतं, पण माह्या किंचाळण्यानं ती एवढी भेली का तिची चड्डी ओली झाली. मी तिले पोटाशी धरलं, तं कोण कोणाले धरून हाय हेच कळत नव्हतं.

प्रफुल्ल म्हणे, ठीक हाय, समोरून बंद करून टाकू, फर्निचरवाल्याले सांगतो, सनमाईकाचं मस्त दार लावून देईन, हँडल-गिंडल. तो फर्निचरवाला एकदा येऊन माप घेऊन गेला. म्हणे अँगलले भोकं पाडू, बिजागऱ्या ठोकू, लोखंडी पट्टी मारू. मी म्हणलं, भाऊ, लोखंड नको. तो म्हणे आजी, बिजागरी काय लाकडाची राह्यते काय. मी म्हणलं मंग नकोच. तो गेला तो पुन्हा आला नाही, आणि प्रफुल्ल म्हणे रविवारी मी पाहतो, पण त्याचा रविवार काही येत नव्हता. म्हणून मी म्हणलं, आपणच करू. आपल्याले जे येते ते करू. तुराटी वाळकी, माती वाळकी, सुतळीनं बांधाचं, लोखंडाचा खिळा बी नाही, करंट येईन कुठून. कूड कराचा, म्हणलं, मासोळ्यांच्या पेटीले.

बोरीले भाऊ हाय माहा, त्याच्या वावरातून निवडून निवडून सुद्या, सरळ काड्या आणल्या. एष्टीत भारा घेऊन चढली तं कंडक्टर म्हणे, काय वो आजी, चुलीले नेऊन राह्यली काय, नेरमंधी तुराटी भेटत नाही काय. मी म्हणलं चुलीले नाही, मासोळ्यांसाठी नेऊन राह्यली. तो म्हणे, मासोळ्या तुराटी खातात काय आजी. सगळी गाडी हसली. मी बी हसली. दारव्ह्याले दुसरी गाडी धराची होती, तठीसा बी भारा डोक्यावर, पण मले त्या दिवशी बम हलकं वाटून राह्यलतं. मायच्या हाताखाली बसाची तसं वाटून राह्यलतं.

अंगणात बसून केला मी कूड. स्टँडचं माप काडीनं घेतलं. तुराटी बारीक-बारीक, एकीले एक लागून, आडव्या कमच्या, सुतळीच्या गाठी. मंग लिपण, शेजारच्या गाईचं शेण, चाळलेली माती, कुटार, पायानं तुडवून लोण्यासारखं केलं. आतल्या अंगानं बी लिपलं आणि बाहेरच्या अंगानं बी, कारण एका अंगानं लिपलेला कूड माह्या मायले चालत नव्हता. सम्या माह्या बाजूले बसून पाहून राह्यलती. ओली माती पाहून लेकराले हात लावावाच वाटते, तिनं दोन्ही पंजे पुढं केले, आणि माह्या तोंडातून निंघालं, हात नको लावू. तठी ना वायर, ना लोखंड, ना काही. सवयीनं निंघालं. तिनं हात मागं घेतले आणि पाठीमागं धरून उभी राह्यली. तवा मले त्याचं काहीच वाटलं नाही, उलट वाटलं, शहाणी पोट्टी हाय, ऐकते.

वाळल्यावर स्टँडपुढं उभा केला. आता कूड कसा असते, तो जमिनीत रोवलेला असते, हालला नाही पाह्यजे. मी दोन्ही अंगानं अँगलले सुतळीनं पक्का आवळला, गाठी ओल्या केल्या म्हणजे वाळल्यावर सुटत नाही, आणि खाली फरशीशी जी सांद राह्यली ते बी मातीनं भरून टाकली, बाजूले पुठ्ठे लावले त्याच्यावरून बी मातीचा हात फिरवला. लेकराचं बोट जाईन एवढी बी जागा नाही ठेवली. वैशालीनं पांढऱ्या मातीनं त्याच्यावर वेल काढली. बम सुंदर दिसे, ताई. प्रफुल्लनं फोटो काढून स्टेटसले ठेवला, लोकं इचारत आमच्याकडं बी करून देता काय. फक्त तो म्हणे, आई, हे उघडाचं कसं. मी म्हणलं, उघडाचं कायले, उघडाचं नाही म्हणून तं केलं. तो हसला, म्हणे बरं. त्या रात्री मी झोपली, आणि किती वर्षानंतर अशी झोपली ते मलेच माहीत.

मंग उन्हाळा लागला. शाळेले सुट्ट्या, प्रफुल्ल दुकानात, वैशाली दुकानात, घरी मी आणि सम्या. दुपारी जेवण झाल्यावर ती पेटीपुढं फरशीवर झोपे, मी भिंतीले टेकून बसो. त्या दिवशी असंच बसलो होतो, तं मले चर्र चर्र आवाज आला. मोहरी तडतडते तसा. मले वाटलं गॅस चालू राह्यला काय. उठून पाह्यलं, गॅस बंद. परत आली तं वास. तो वास मी जन्मभर विसरणार नाही, जळत्या रबराचा, तसाच वास त्या दिवशी बी होता, कूलरच्या दिवशी. आणि कुडाच्या वरच्या काठातून धूर निंघून राह्यलता, बारीक, धाग्यासारखा. आणि सम्या उठून बसलेली, धुराकडं पाहून राह्यलती.

माहे पाय गेले. ताई, लोकं म्हणतात भेवानं पाय गळले, ते तसंच होते, कंबरेखाली काही नाहीच असं होते. मले समोर सम्या दिसत नव्हती, मले हे दिसून राह्यलते, उभे, माह्याकडं पाहून राह्यलेले. आवाज माह्या कानात येऊन राह्यलता आणि मी तठीच. मंग सम्या म्हणे, आजी, मासोळ्या मरतीन. आणि ती उठली, त्या स्टँडकडं जाले निंघाली. लोखंडाच्या स्टँडकडं, हात पुढं करून, पेटी वढाले.

मंग माहे पाय कुठून आले माहीत नाही. मी तिच्या फ्रॉकले मागून धरलं, वढलं, उचललं आणि बाहेर वरांड्यात आणून आदळलं, तिले लागलं असंन, ती रडाले लागली. मी कुडाचा विचार केला, काढून फेकावा आणि बोर्डाची पिन वढावी, तं कूड मी असा बांधला का तो कोणाच्या बापाच्यानं उघडणार नाही. आणि पिन पेटीच्या मागं. राह्यली काय, मेन. आमची मेन जुनी, वरांड्यातच हाय, लोखंडी डबा आणि त्याले लोखंडी दांडी. मी त्या डब्याखालून जाताना बी डोकं वाकवून जाओ. गल्लीत कोणी नव्हतं, उन्हात कोण राहीन, मी आवाज देला तं आवाजच निंघाला नाही. तवा माहे हात धराले बाया होत्या. आता कोणीच नव्हतं, ना धराले, ना माह्या जागी कराले.

मी पायातली चप्पल काढली. रबराची चप्पल, पावसाळी. आणि विंचवाले हाणतो तशी त्या दांडीवर हाणली. हालली नाही. डोळे मिटून आणखी हाणली. आणि मी हाणतच राह्यली ताई, तोंडानं काय बोलून राह्यलती मले माहीत नाही, सम्या सांगते तू आबाजीले शिव्या देऊन राह्यलती, म्हणजे तिच्या आज्याले, माह्या नवऱ्याले. असंन. तुम्ही काहून हात लावला, काहून हात लावला, असं काहीतरी म्हणत असंन मी. मंग खाड असा आवाज आला, आणि घरातला पंखा थांबत थांबत थांबला. मी खाली बसली, एका पायात चप्पल, एक हातात.

मागच्या गल्लीतले रशीदभाई आले. त्याइचं मोटार वाइंडिंगचं दुकान हाय, धूर पाहून धावत आले. त्याइनं कोयत्यानं सुतळ्या कापल्या, कूड आडवा केला. आतमंधी बोर्ड वितळून फरशीले चिकटलेला, वायरी काळ्या, आणि कुडाच्या आतल्या अंगाचं लिपण काळंठिक्कर पडलेलं, पण तुराटीले जाळ लागला नव्हता. रशीदभाई म्हणे, भाभी, अल्लाची मेहेरबानी, प्लायवूड राह्यलं असतं तं भडकलं असतं, या मातीनं घर वाचवलं. माहं जराक काळीज जागेवर आलं, तं ते बोर्ड फरशीवरून उखडून, उलटा करून पाहून म्हणे, पण भाभी, पाणी पहा, ते वायरीवरून थेंब थेंब उतरून राह्यलं, कई दिन से उतर रहा होगा, समोरून उघडं असतं तं कोणालेही दिसलं असतं, पुसलं असतं. आता तुम्हीच सांगा, मी काय समजाचं. मी वाचवलं का मीच केलं. दोन्ही खरं हाय, आणि दोन्ही सोबत घेऊन झोप लागत नाही. मासोळ्याइले काही झालं नव्हतं. त्या आपल्या फिरून राह्यलत्या, पंप नाही तं वर येऊन येऊन तोंड उघडून राह्यलत्या.

प्रफुल्ल म्हणे आता पेटी देऊन टाकतो, आई, तुह्या जिवापेक्षा मासोळ्या मोठ्या नाही. मी म्हणलं दे. खरंच म्हणलं. तो गिऱ्हाईक पाहून राह्यलता, तेवढ्यात शाळा सुरू झाली आणि मॅडमनं मले बोलावलं. मॅडम म्हणे, बेबीआजी, तुमची सम्यका दिवसभर पाणी पीत नाही. मी म्हणलं बाटली देतो ना. म्हणे बाटली सरली का नळावर जात नाही, दुसऱ्या पोरीले म्हणते आधी तू लाव, मंग मी. वर्गाच्या दाराची कडी लावत नाही. पंख्याचं बटण दाबाची तिची पाळी आली तं रडते, बेंचाखाली बसते. पोरं तिले चिडवतात. मॅडम म्हणे, घरी काही झालं काय आजी, कोण भेववते काय तिले.

काय सांगू तुम्हाले. मी तठून घरी कशी आली मले माहीत नाही. रस्त्यानं माह्या पुढं ती चालून राह्यली होती, पाठीवर दप्तर, आणि आमच्या फाटकाशी आली तं थांबली. आणि तिनं हाताची मागची बाजू फाटकाले लावून पाह्यली, सावकाश, आणि मंग फाटक लोटलं. मलेच पाहून राह्यली मी, ताई. माहा हात तिच्या मनगटाले लावून देल्यासारखा. जन्मभर मी भेली का करंट तिले धरन. करंटानं नाही धरलं. म्याच धरलं. आणि मले त्या दिवशी जे भेव वाटलं ना, ते धुराच्या दिवशीच्या भेवापेक्षा मोठं होतं. करंटाले मेन असते. याले काय पाडाचं?

मी प्रफुल्लले म्हणलं, पेटी कुठी देऊ नको. रशीदभाईले बोलावलं, त्याइनं बोर्ड वर भिंतीवर लावला, वायरी अशा सोडल्या का पाणी उतरलं तं खालीच गळून जाईन, बोर्डात जाणार नाही, आणि मेनले ते नवीन बटण लावलं, जे गडबड झाली का आपोआपच पडते. खालून पुन्हा कूड केला मी, बोरीवरून तुराटी आणली, पण या वेळेस प्रफुल्लले बाजूले बसवलं, म्हणलं दाराची ताटी तू कर, तुह्या आज्याचं, माह्या बापाचं काम हाय ते. त्याले येत नव्हतं, वाकडीतिकडी झाली, पण उघडते. दोरीची कडी केली तिले. सम्याले म्हणलं, माती लाव. ती आली नाही. दूर उभी राह्यली, हात मागं.

मंग पंप चालू कराचा होता. प्रफुल्ल बटणाकडं गेला तं मी म्हणलं, थांब. सगळे थांबले. मी पाय पुसले, हात पुसले, आणि गेली. हाताची मागची बाजू पुढं झालती माही, सवयीनं, ते मी वळवली, सुदं बोट लावलं. त्याच्या आधी ते बटण माह्यापासून किती दूर होतं हे कोणाले सांगून समजणार नाही. दाबलं. टक झालं, लाइट लागला, पाण्यात बुडबुडे निंघाले. मी हात पदरात लपवला.

सम्या सैपाकघराच्या दारातून म्हणे, आजी, तुले भेव नाही लागत? मी म्हणलं नाही लागत. निरा खोटं बोलली मी, तिच्या तोंडाकडं पाहून. मंग ती हळूहळू जवळ आली, म्हणे मी दाबू? आणि ताई, सगळ्याइत कठीण तेच होतं. आपण स्वतः दाबणं काहीच नाही. मले ओठ उघडून तिले लाव म्हणाचं होतं, आणि आयुष्यभर मी तिले ते म्हणलंच नव्हतं, मले तो शब्द कसा म्हणतात तेच येत नव्हतं. प्रफुल्ल काहीतरी बोलाले गेला, वैशालीनं त्याचा हात धरला. मी म्हणलं, लाव, बाई, लाव हात.

तिनं दाबलं. बंद झालं. पुन्हा दाबलं, चालू. मंग हसाले लागली आणि दाबतच राह्यली, चालू, बंद, चालू, बंद, आणि दर वेळेस माहं काळीज थांबे, आणि मी हसून राह्यलती. आता रोज सकाळी शाळेत जाच्या आधी तीच लावते. हात कोरडे, पायात चप्पल, तेवढं मी म्हणते, त्याच्यावर काही म्हणत नाही. मी सैपाकघरात पाठमोरी उभी राह्यते, भाकर थापत असली तं हात थांबते, आणि टक ऐकू येईपर्यंत श्वास घेत नाही. भेव गेलं काय म्हणाल तं नाही गेलं, ते काही जात नाही या वयात. विहारात वंदना झाली का सगळे सगळ्याइचं मंगल मागतात, मी बी मागते, आणि मंग मनातल्या मनात माहं वेगळं म्हणते, का हे भेव माहं हाय, ते माह्याजवळच राहू द्या, माह्यासंगच जळून जाऊ द्या, लेकरानं खुशाल कुठीबी हात लावावा.